खालचा पंप, वरची टाकी

डोंगरबागेत फिरायला येणाऱ्यांना पंपघर कधी दिसत नाही. खालच्या फाटकातून आत शिरलं की सगळ्यांची पावलं आपसूक उजवीकडच्या वाटेला लागतात. तिकडे बाकं आहेत, फुलं आहेत, चढावही बेताचा आहे. डावीकडे झुडपांच्या आड एक खोल तळं आहे आणि तळ्याला चिकटून एक दगडी खोली. या खोलीच्या दारात खुर्ची टाकून, कानाला मफलर गुंडाळून एक म्हातारा बसलेला असायचा. बागेत काम करणारे त्याला ‘खालचे दादा’ म्हणत. खालचे, कारण वरचेही एक होते.

ही बाग जन्माला बाग म्हणून आलेली नाही. शहरातल्या जुन्या इमारतींपैकी निम्म्यांचा दगड या डोंगराच्या पोटातून निघालेला आहे. तेव्हा इथे दिवसभर घणांचा आवाज आणि सुरुंगाची धूळ. डोंगर असा पायऱ्यापायऱ्यांनी खाल्लेला की लांबून पाहणाऱ्याला तो प्रेक्षक उठून गेलेल्या नाट्यगृहासारखा वाटावा. एकेका पायरीवर खाणकामगारांच्या झोपड्या होत्या. पुढे शहर वाढत वाढत डोंगराच्या पायाशी येऊन टेकलं, नव्या घरांतल्या लोकांना धूळ सोसेना, आणि खाण बंद झाली. खड्ड्यात पाणी साचून तळं झालं. मग कुणाच्या तरी मनात आलं की इथे बाग करावी. मातीच्या पाट्या डोक्यावरून वर चढवल्या त्या खाणकामगारांनीच. ज्या हातांनी डोंगर सोलला त्याच हातांनी त्याला पांघरूण घातलं. आज त्या पायऱ्यांवर एवढाली झाडं आहेत की खालून वरचा माथा दिसत नाही.

खालचे दादा आणि त्यांचा धाकटा भाऊ, दोघंही याच खाणीतले. धाकट्याला घरात बारक्या म्हणत. पुढे तो दादांपेक्षा हातभर उंच झाला, तरी बारक्याच राहिला. दोघं आईबरोबर अगदी वरच्या पायरीवरच्या झोपडीत राहत. बाग होणार म्हणून झोपड्या हलवायची वेळ आली, तेव्हा कामगारांना खालच्या गल्लीत पक्क्या खोल्या मिळणार होत्या. कुणी तयार होईना. दादांचं तेव्हा नवीन लग्न झालेलं. नळाचं पाणी, पत्र्याऐवजी स्लॅबचं छप्पर, त्यांना ते पटलं. ते पहिले तयार झाले. साहेबांबरोबर मोजणीची टेप धरून फिरले, घरोघरी जाऊन लोकांना समजावलं आणि सर्वांत शेवटी आईला.

“तू म्हणतोस तर येते,” आई म्हणाली.

आली, पण रमली नाही. खिडकीशी बसून राहायची. “इथे वारा का येत नाही रे?” असं विचारायची, जणू वारा दादांच्या खिशात होता. वर्ष उलटायच्या आत गेली. तिला पोहोचवून आल्यावर बारक्या उंबऱ्यात उभा राहून एवढंच म्हणाला, “तिला खाली तू आणलंस.” त्यानंतर तो दादांशी बोलला नाही.

बाग तयार झाल्यावर जुन्या कामगारांना नोकऱ्या दिल्या गेल्या. बारक्याने वरच्या टाकीवरची मागून घेतली. तिथेच टाकीशेजारच्या खोलीत राहायला लागला. लग्न केलं नाही. दादांना खालचा पंप मिळाला. आता गंमत अशी, म्हणजे ज्याची त्याला गंमत, की पंप आणि टाकी ही दोन कामं वेगळी नव्हतीच. खालून तळ्याचं पाणी वर चढवायचं आणि वरून ते वाफ्यांना सोडायचं. मधे पायरीपायरीने चढत गेलेला एक लोखंडी पाईप. टाकी किती भरली हे खालच्याला दिसत नाही, पंप कधी सुरू झाला हे वरच्याला ऐकू येत नाही. मग निरोप कसा द्यायचा? पाना घ्यायचा आणि पाईपवर ठोकायचं. लोखंडातून ठोका थेट माथ्यापर्यंत जायचा.

खालून दोन ठोके म्हणजे पाणी सोडतोय. वरून एक म्हणजे पाणी पोहोचलं. वरून दोन म्हणजे टाकी भरली, बंद कर. आणि कुठल्याही टोकाकडून न थांबता सलग ठणठण सुरू झाली की समजायचं, पाईप फुटला. मग पंप बंद करायचा आणि दोघांनी आपापल्या टोकाकडून पाईपच्या कडेकडेने निघायचं, गळती सापडेपर्यंत.

पाण्याचा भार खालच्या अंगाला जास्त, म्हणून पाईप फुटायचा तो बहुतेक खालीच. दादा थोडंसंच चढायचे, बारक्या मात्र सगळा डोंगर उतरून यायचा. एक जण पाईप धरायचा, दुसरा पट्टी आवळायचा. पाना मागायचा तर हात पुढे करायचा. काम झालं की बारक्या चिखलाचे हात पँटला पुसत परत वर. एक शब्द नाही. मधल्या पायरीवर रोपं वाढवणारी माळीणबाई हे नाटक पाहून थकली होती.

“दादा, दोन बैल जुंपले तरी अधूनमधून एकमेकांकडे बघतात,” ती एकदा म्हणाली.

“तू तुझी रोपं बघ,” दादा म्हणाले.

पण ठोका आला की दादांचा तळहात पाईपवर असायचा. बायको गेल्यावर आणि मुलगी लग्न होऊन दुसऱ्या शहरात गेल्यावर त्यांच्याशी दिवसातून ठरलेल्या वेळी कुणी काही बोलत असेल तर ते हे लोखंड. सर्दी झाली की बारक्याचा ठोका ढिला पडायचा. रागात असला की दुसरा ठोका पहिल्याच्या अंगावर चढायचा. एका हिवाळ्यात आठवडाभर ठोके डाव्या हाताचे येत होते. उजव्याला काय झालं, हे दादांना विचारता आलं नाही. त्यांनी माळीणबाईकडे मलम दिलं. “तुझ्या नावानं दे,” असं बजावलं. तिने अर्थातच खरं नाव सांगितलं. मलम परत आलं नाही, म्हणजे घेतलं असावं.

मग फिटर आला.

गोल चेहऱ्याचा, बोलका माणूस. पंपघराच्या दारात काळ्या प्लास्टिकच्या पाईपची वेटोळी उतरवून त्याने दादांकडे पाणी मागितलं आणि पिता पिता सांगून टाकलं, “काका, आता तुम्ही राजे. हा लोखंडी सांगाडा काढतोय. टाकीत फ्लोट बसवणार, खाली वायर आणणार. टाकी भरली की पंप आपोआप बंद. रिकामी झाली की आपोआप सुरू. तुम्ही खुर्चीत बसून नुसतं बघायचं.”

“आणि निरोप?”

“कुणाला?”

“वरच्याला.”

“कसला निरोप? वायर सांगेल की.”

दादांनी प्लास्टिकच्या पाईपवर पाना मारून पाहिला. उशीवर बुक्की मारल्यासारखा आवाज आला. फिटर हसला. “काका, हा गाणारा नाही.”

त्या संध्याकाळी मुलीचा फोन आला. दादांनी पाईपचं सांगितलं.

“मग बरंच झालं ना बाबा. आता काकांना सरळ फोन करा.”

“त्याच्याकडे कुठला फोन?”

“आहे की. मला करतात.”

दादा म्हणाले, “तुला? कधीपासून?”

“कधीपासूनच. तुमची चौकशी करत नाहीत, उगाच खोटं कशाला सांगू. माझ्या पोरांची करतात. नंबर देऊ?”

“नको. काय बोलू?”

“काहीही बोला. हवापाणी बोला.”

“पाण्याचं तर रोजच बोलतो,” दादा म्हणाले आणि फोन ठेवला.

खोलीत दिवा लावायचा राहून गेला. आजवर ते स्वतःला सांगत आले होते की भावाशी बोलणं तुटलंय. आता त्यांच्या लक्षात आलं की तुटलेलं नव्हतं. ते आता तुटणार होतं, आणि दोघांपैकी कुणी एक अक्षरही न बोलता. वरती एक म्हातारा, खाली एक म्हातारा, मधे वायर. एके दिवशी एक जण जाईल आणि दुसऱ्याला माळीणबाई येऊन सांगेल. पंप आपला आपोआप चालू, आपोआप बंद.

नवा पाईप शेजारून घालून झाला. माळीणबाई बहिणीकडे निघाली, जाताना पंपघरात डोकावली. “उद्या लोखंड कापणार म्हणे. दादा, काय बोलायचंय ते आजच बोलून घ्या.” नेहमीसारखं टोमण्याच्या सुरात म्हणाली, पण म्हटल्यावर लगेच पदर सावरत निघून गेली.

दुपारी फिटर आणि त्याची माणसं जेवायला गेली. दादांनी नेहमीसारखे दोन ठोके दिले, पंप सुरू केला. वरून एक आला. बऱ्याच वेळाने वरून दोन आले. ते रोजच्यासारखेच होते, कोरडे आणि नेमके. हा शेवटचा दिवस आहे हे त्या ठोक्यांना माहीत नसावं असे. दादांनी पंप बंद केला. पाना हातात तसाच. दोन ठोके, एक ठोका, एवढीच भाषा. ‘ये’ म्हणायला त्यात ठोका नव्हता. तो त्यांनी कधी ठरवलाच नव्हता.

दादांनी पाना उचलला आणि पाईपवर सलग ठणठण सुरू केली.

मग पाना खाली ठेवला, मफलर आवळला आणि पाईपच्या कडेने चढायला लागले. पाईप धडधाकट होता, थेंबही कुठे गळत नव्हता आणि त्यांना लाज वाटत होती, म्हाताऱ्या माणसाने शाळा बुडवावी तशी. मधल्या वळणापर्यंत पोहोचता पोहोचता दम संपला. तिथे झाडांतून बारक्या उतरताना दिसला. एक हात पाईपवर, दुसरा कठड्यावर. केस पांढरे होते हे दादांना माहीत होतं. पाऊल आडवं टाकून, एकेक पायरी चाचपत उतरतो, हे माहीत नव्हतं. मागची गळती होऊन बराच काळ लोटला होता.

तो समोर येऊन थांबला. दादांच्या मागे बघितलं, पाईपकडे बघितलं. जमीन सुकी.

“कुठंय?” तो म्हणाला.

इतक्या काळानंतर ऐकलेला पहिला शब्द. आवाज आईसारखा झाला होता.

“नाही कुठं,” दादा म्हणाले.

बारक्याचा विश्वास बसला नाही. दादांच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय त्याने कधीच मोडून टाकली होती. त्यांना ओलांडून तो पुढे झाला आणि प्रत्येक जोडाला हात लावत, वाकून बघत खाली उतरू लागला. दादा त्याच्यामागून. असे दोघं पंपघरापर्यंत आले. शेवटचा जोडही कोरडा निघाला. बारक्या सरळ व्हायला गेला आणि त्याचा गुडघा मुरगळला. तो दादांच्या खुर्चीतच बसला. बसला म्हणण्यापेक्षा पडला.

“मग वाजवलं कशाला?” त्याने दातओठ खात विचारलं. “हे गुडघे बघितलेस? डॉक्टर म्हणतो उतरू नका. मेलो असतो म्हणजे?”

“उद्या पाईप कापणार आहेत.”

“माहितीय मला.”

“म्हणून वाजवलं.”

बारक्या गुडघा धरून बसला. मग एकदम डोकं वर केलं. “चावी उघडी राहिली. रोपांना पाणी सोडलं होतं, तुझी ठणठण ऐकून तसाच निघालो. आख्खी टाकी माळीणबाईच्या वाफ्यांत जाईल.”

“मी जातो,” दादा म्हणाले.

“तू?”

“उतरताना गुडघे जातात तुझे. माझा नुसता दम जातो.”

झोपडी सोडल्यापासून मधल्या वळणाच्या वर दादा कधी गेले नव्हते. वर आईचं अंगण होतं, आणि त्या अंगणात आता बारक्या पहारा देत बसलाय, असं चित्र त्यांनी मनात रंगवून ठेवलं होतं. चूल असेल, आईने लावलेलं काहीतरी असेल. आपण तिथे गेलो तर तो हाकलेल. थांबत, झाडाला धरत, पुन्हा थांबत ते माथ्यावर पोहोचले. आधी चावी शोधून बंद केली. मग मान वर करून पाहिलं.

टाकीच्या मागे एक तिरका काळा खडक होता. त्यावर आई कपडे वाळत घालायची. खडकाला पाठ लावून त्यांची झोपडी होती. आता त्या खडकाला पाठ लावून टाकी उभी होती, सिमेंटची, गोल, शेवाळलेली. अंगण नव्हतं, चूल नव्हती. काहीच राखलेलं नव्हतं, कारण राखायला काही उरलंच नव्हतं. शेजारी बारक्याची खोली, आत एक खाट, एक खुंटी, खुंटीवर सदरा. एका माणसाने एवढी वर्षं आपल्या घराच्या जागेवर रोज पाणी भरलं होतं, आणि त्याच्या शेजारी निजला होता.

दादा तिथल्या पायरीवर बसले. वारा मात्र होता. तोच, आईचा. त्याने घाम सुकला तरी ते उठेनात.

खाली आले तेव्हा बारक्या पाय स्टुलावर ठेवून बसला होता.

“टाकी आपल्या घरावर बांधलीय,” दादा म्हणाले.

“हे तू मला सांगतोस?”

“मला आज दिसलं.”

बारक्या त्यांच्याकडे पाहत राहिला. “जागा तूच दाखवलीस ना? टेप धरून साहेबांबरोबर तूच फिरत होतास.”

“मागची सपाटी दाखवली होती मी! खडकाच्या पलीकडची. तिथे ठरली होती टाकी. पुढे त्यांनी का हलवली देव जाणे. मला कोण सांगणार? वर तू होतास.”

“आणि तू एकदाही वर आला नाहीस.”

“तू हाकललं असतंस.”

“मला वाटलं, लाजेनं येत नाहीस.” बारक्याने गुडघा चोळला. “ज्यानं आईची चूल पुरली त्याच्याशी काय बोलायचं, म्हटलं.”

तळ्यावर ऊन तिरपं पडलं होतं. फिटरची माणसं परत येताना लांबून हसण्याचे आवाज येत होते. ओरडावं, रडावं, कुणाला तरी दोष द्यावा असं बरंच काही त्या खोलीत येऊन उभं राहिलं होतं, पण दोघांपैकी कुणाच्याही अंगात तेवढं बळ नव्हतं.

“आईला खाली आणलंस, ते मात्र मी विसरलेलो नाही,” बारक्या शेवटी म्हणाला.

“विसरू नकोस. मीही विसरत नाही.”

“ते वेगळं.”

“हो. ते वेगळं.”

गुडघ्याची सूज उतरेपर्यंत बारक्या दादांच्या खोलीवर राहिला. फार बोलले असं नाही. दोघांनाही एकट्याने जेवायची सवय, ताट आपापल्या भिंतीकडे घेऊन बसत. मुलीचा फोन आला की आळीपाळीने तिच्याशीच बोलत. “अहो, मला काय सांगता, शेजारी बसलेत त्यांना सांगा,” ती ओरडायची. मग बारक्या वर गेला. फिटरने त्याला पाईप वाहायच्या गाडीत बसवून मागच्या रस्त्याने नेलं. “काका, फुकट सवारी आहे, मान नीट धरा!” असा गलका करत नेलं.

लोखंड कापून नेलं होतं. पंप आपोआप सुरू व्हायचा, आपोआप थांबायचा. दादा खुर्चीत बसून नुसतं बघायचे. पहिले काही दिवस त्यांचा हात पाईप असायचा तिथल्या भिंतीकडे जायचा आणि रिकामा परत यायचा. खोलीतली शांतता पंप चालू असतानाही जायची नाही. एका सकाळी त्यांनी खोलीला कडी घातली आणि चढायला लागले.

वर पोहोचेस्तोवर ऊन चांगलंच आलं होतं. बारक्या पायरीवर बसला होता.

“किती हळू चढतोस,” तो म्हणाला, आणि थोडा सरकला.

दादा बसले. दम जिरल्यावर त्यांनी टाकीच्या एका अंगाकडे बोट केलं. “चूल इथे होती बघ.”

“इथे? छे. दाराच्या डाव्या हाताला होती.”

“डाव्या हाताला पाण्याचा माठ.”

“माठ खडकाशी, सावलीत. तुला काय आठवतंय!”

“मी मोठा आहे तुझ्यापेक्षा.”

“मग डोळे म्हातारे झालेत तुझे तेव्हापासूनच.”

बारक्या भिंतीला धरून उठला. लंगडत गेला आणि त्याच्या मते दार जिथे होतं तिथे जाऊन उभा राहिला. दादा उठून त्यांच्या दारात उभे राहिले. दोघांच्या मधे टाकीचा सगळा घेर होता. कोण बरोबर हे सांगू शकेल असं तिसरं माणूस आता कुठेच उरलेलं नव्हतं, म्हणून दोघंही टाकीच्या दोन बाजूंनी मोठ्यामोठ्याने आपापलं घर सांगत राहिले.